लाळेची टेस्ट स्ट्रिप : एक रेघ की दोन?

लाळेतून नशेचा पदार्थ ओळखणारी पट्टी दिसायला साधी, पण ती वाचताना बरेच जण फसतात. म्हणून आधी तिची रचना समजून घेऊ.

लाळ स्पंजवर घेतात. ती चिकट असते, म्हणून बहुधा द्रावणात मिसळून पातळ करतात. पट्टीवर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना जोडलेल्या अँटीबॉडीज असतात. लाल रंग या कणांचाच. ‘टी’ रेघेच्या जागी तोच नशेचा पदार्थ आधीच चिकटवलेला असतो. लाळ स्वच्छ असेल तर अँटीबॉडीज तिथे जाऊन बसतात, रेघ उमटते. लाळेत पदार्थ असेल तर त्या वाटेतच त्याला पकडतात, मग रेघ उमटत नाही.

म्हणजे गर्भचाचणीच्या अगदी उलट. दोन रेघा म्हणजे निगेटिव्ह. फक्त ‘सी’ची रेघ म्हणजे पॉझिटिव्ह. फिकट रेघही रेघच धरायची. ‘सी’ उमटलीच नाही, तर पट्टी बाद.

अम्मी-अब्बूंनी हे नीट लक्षात ठेवावं, नाहीतर बेकसूर मुलावर नाहक आळ यायचा. मिळत्याजुळत्या रचनेचं साधं औषधही कधी पॉझिटिव्ह दाखवतं. पट्टी हा फक्त इशारा. पक्का निकाल लॅबमधल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीचा. तोवर घरात आरोप नकोत, डॉक्टरांशी बोला.