ध्वनीने मोजलेले डोके

सोनोग्राफीच्या अहवालात ‘बीपीडी’ आणि ‘एचसी’ असे दोन आकडे असतात. पहिला बाळाच्या डोक्याची रुंदी सांगतो, दुसरा घेर. ते आले कुठून?

पूर्वी पोटातल्या बाळाचे डोके क्ष-किरणांनी मोजत. १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्ट्युअर्ट यांनी गरोदरपणातले क्ष-किरण आणि मुलांचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. दुसरी वाट हवी होती.

ती ग्लासगोत सापडली. तिथल्या कारखान्यांत धातूतले तडे ध्वनिलहरींनी शोधत. डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये तेच यंत्र शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींवर लावून पाहिले. अभियंता टॉम ब्राऊन आणि डॉ. जॉन मॅकविकर यांच्यासह त्यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. डोके मोजण्याची सुधारित पद्धत स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी १९६८ मध्ये मांडली.

पाचव्या महिन्यापर्यंत बाळे साधारण एकाच चालीने वाढतात, म्हणून या मापावरून दिवस काढता येतात. पुढे ज्याची त्याची चाल. डोके लांबट असेल तर रुंदी कमी भरते, घेर मात्र ठीक असतो. म्हणून डॉक्टर पोटाचा घेर, मांडीचे हाड पाहतात. गरज पडल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजतात.

मी कवी, मात्रा मोजणे माझ्या ओळखीचे. एका मात्रेवरून कोणी कवितेचा निकाल लावत नाही. अहवाल पाहून घाबरलेल्या लेकीसुनेला एवढेच सांगा: एक आकडा म्हणजे निकाल नव्हे, डॉक्टरांना नीट विचार.