गोखल्यांच्या चितेसमोर टिळक

राजकीय विरोधक निवर्तला की दुसऱ्या दिवशी सर्वपक्षीय श्रद्धांजलीचा पूर येतो. कालपर्यंत ज्याला देशबुडवा म्हटले, तो एका रात्रीत 'उमदा माणूस' होतो. हे पाहून आपल्या पिढीला उबग येतो, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु हा प्रकार सदैव पोकळच असतो का, हे तपासायचे तर महाराष्ट्राच्या इतिहासात एक फार चांगले प्रकरण उपलब्ध आहे. आजचा धागा त्याविषयी.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी १९१५. रात्री पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे निधन झाले. वय अवघे ४८. मधुमेहाने देह पोखरला होता आणि कामाने उरलासुरला. लोकमान्य टिळक त्या वेळी सिंहगडावर होते. वार्ता कळताच ते गड उतरून पुण्यात आले, अंत्ययात्रेत सामील झाले आणि स्मशानभूमीत बोलण्यास उभे राहिले.

टिळक उभे राहताच जमावातील काहींना राहवले नाही. मंडालेहून सुटून आलेला आपला नेता समोर दिसल्यावर त्यांनी जयघोष केला. टिळकांनी त्यांना तिथल्या तिथे थांबवले. ही वेळ टाळ्यांची नाही, अश्रू ढाळण्याची आहे, या आशयाचे त्यांचे पहिले वाक्य होते. पुढे त्यांनी गोखल्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटले, महाराष्ट्राचे रत्न म्हटले आणि कार्यकर्त्यांचा राजा म्हटले. त्यांच्याकडे पाहा आणि त्यांचे अनुकरण करण्याचा प्रयत्न करा, असे त्यांनी जमलेल्यांना सांगितले. मातृभूमीविषयीचे कर्तव्य पार पाडल्याचा इतका समाधानकारक हिशेब परलोकात देऊ शकेल असा दुसरा माणूस देशात नाही, असेही ते म्हणाले.

शाळेच्या पुस्तकांत हा प्रसंग येतो तो इथेच संपतो. मतभेद होते पण मनभेद नव्हते, असे एक गुळगुळीत वाक्य शेवटी जोडले की काम झाले. हे वाक्य मला मुळीच पटत नाही. मनभेद होते, आणि चांगले पंचवीस वर्षे होते. ते समजून घेतल्याखेरीज त्या भाषणाचे वजन कळत नाही.

आरंभ डेक्कन एज्युकेशन सोसायटीत झाला. १८८४ साली संस्था निघाली, १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर आयुष्याची उमेदीची वर्षे शिक्षणाला वाहून घ्यायची आणि बाहेरच्या उद्योगांत शक्ती विभागायची नाही, हा टिळकांचा आग्रह होता. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेले गोखलेही लवकरच या मंडळात आले. वेतन, बाहेरची कामे, आगरकरांशी सुधारणेवरून पडलेली तेढ, असे वाद साचत गेले. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, तेव्हा टिळकांनी आक्षेप घेतला : संस्थेला वाहिलेल्या माणसाने दुसरीकडे वेळ देता कामा नये. त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला आणि आपण उभी केलेली संस्था सोडली. म्हणजे या दोघांतील पहिल्या मोठ्या संघर्षाचे निमित्त, गोखले आपली शक्ती कुठे खर्च करतात, हे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

त्यानंतरचे टप्पे भराभर सांगतो. १८९१ चा संमतिवयाचा कायदा : टिळक विरोधात, सुधारक बाजूने. १८९५ : सार्वजनिक सभा टिळकपक्षाच्या ताब्यात गेली आणि रानडे-गोखल्यांनी पुढल्या वर्षी डेक्कन सभा काढली. त्याच १८९५ मध्ये पुण्याच्या काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवावी की नाही, यावरून शहर दुभंगले.

१८९७ चा प्रसंग मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या त्यांना पत्रांतून कळल्या आणि त्यांनी त्या तेथे जाहीर केल्या. जुलैअखेर परतल्यावर पुराव्यासाठी कोणी पुढे येईना. ज्यांनी लिहिले होते त्यांची नावे उघड करणे गोखल्यांना मान्य नव्हते. त्यांनी सरकारची बिनशर्त माफी मागितली. नेमक्या त्याच सुमारास टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे दीड वर्षाची सजा झाली. एकाने माफी मागितली, दुसरा तुरुंगात गेला. पुण्याच्या तरुणांच्या मनात दोघांची जी प्रतिमा त्या पावसाळ्यात ठसली, ती नंतर कधी पुसली गेली नाही. गोखल्यांवर हा अन्यायच होता असे माझे मत आहे. पत्रलेखकांना वाचवण्यासाठी स्वतःची अब्रू पणाला लावणे, हे भित्र्या माणसाचे काम नव्हे.

१९०७ : सुरत काँग्रेस, जहाल-मवाळ फूट, व्यासपीठावर भिरकावलेला जोडा. १९०८ : टिळकांना सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. गोखले मात्र त्या काळात कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलत होते, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडत होते, दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांसाठी झटत होते.

जून १९१४ मध्ये टिळक सुटले आणि काँग्रेस पुन्हा एक करण्याची खटपट सुरू झाली. ॲनी बेझंट आणि काँग्रेसचे चिटणीस सुब्बाराव पुण्यात येऊन दोघांना भेटले. गोखले आरंभी तडजोडीला अनुकूल होते. परंतु टिळक आत आल्यावर काँग्रेसला आपल्या अडवणुकीच्या मार्गावर नेतील, अशी धास्ती त्यांना वाटू लागली आणि त्यांनी मद्रास काँग्रेसचे नियोजित अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू यांना तसे खाजगी पत्र लिहिले. पत्र खाजगी राहिले नाही. त्यातील आशयाविषयी कुजबुज झाली, तडजोड लांबणीवर पडली. टिळकांनी पत्राची मागणी केली. गोखल्यांनी ते गोपनीय असल्याचे सांगून नकार दिला. प्रकरण वृत्तपत्रांत गेले आणि 'केसरी'ने गोखल्यांवर कडक टीका केली.

हे सारे जानेवारी-फेब्रुवारी १९१५ मधले. म्हणजे चिता पेटली तेव्हा या वादाची शाई वाळली नव्हती. टिळकांनी केवळ अंत्ययात्रेला हजेरी लावून मौन पाळले असते, तरी कोणी नाव ठेवले नसते. त्यांच्या अनुयायांतील अनेकांना तेच रुचले असते.

आता त्या तीन उपाधींकडे पुन्हा पाहू. हिरा आणि रत्न ही गौरवाची रूढ भाषा झाली. तिसरी उपाधी मात्र तोलून घेतलेली आहे. टिळकांनी गोखल्यांना द्रष्टा म्हटले नाही. त्यांचा मार्ग बरोबर होता असे म्हटले नाही, किंवा माझे चुकले असेही म्हटले नाही. त्यांनी म्हटले, कार्यकर्त्यांचा राजा. ज्या माणसाने शक्ती भलतीकडे विभागली म्हणून १८९० मध्ये आक्षेप घेतला होता, त्याच्याविषयी पंचवीस वर्षांनी टिळक सांगत होते की, कामाला वाहून घेणे म्हणजे काय ते याच्याकडून शिका. गोखल्यांनी वीस वर्षांचे अध्यापन पुरे करून फर्ग्युसन सोडले होते आणि १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढून तरुणांकडून आयुष्यभराच्या अल्पवेतनी सेवेची शपथ घेतली होती. हे तत्त्व दोघांचेही होते. १८८४ च्या त्याच मंडळींत ते रुजले होते. मतभेदाचा एक शब्दही मागे न घेता टिळकांनी जे खरोखर समान होते तेवढेच उचलले. म्हणून मला ते भाषण शिष्टाचार वाटत नाही.

टिळकांच्या बाबतीत हे एकदाच घडले असेही नाही. १७ जून १८९५ ला आगरकर गेले. दोघे एकाच वर्षी, १८५६ मध्ये जन्मलेले. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिलेले. नंतर 'केसरी' आणि 'सुधारक'मधून एकमेकांवर तुटून पडलेले. सनातन्यांनी तर आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती. अशा आगरकरांवरचा मृत्युलेख सांगताना टिळकांना वारंवार अश्रू आवरेनात आणि दोनच स्तंभांच्या मजकुराला कित्येक तास लागले, अशी आठवण सांगितली जाते. मृत्यूच्या उग्र रूपापुढे लहानसहान मतभेद विरून जातात आणि जुन्या आठवणी वर येतात, अशा आशयाची कबुली त्या लेखातच आहे. १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले, तेव्हाही 'केसरी'ने हात आखडता घेतला नाही. थंड गोळा होऊन पडलेल्या महाराष्ट्रात जीव आणण्याचे श्रेय टिळकांनी रानड्यांना दिले. आजही रानड्यांविषयी लिहिताना तोच 'थंड गोळा' उद्धृत होतो. म्हणजे रानड्यांचे सर्वांत टिकाऊ वर्णन त्यांच्या विरोधकाने केले आहे.

एक शंका इथे रास्त आहे. मृत प्रतिस्पर्धी उपद्रव देत नाही, मग स्तुती स्वस्तच असते. राजकीय लाभाचे बोलायचे तर गोखले फेब्रुवारीत गेले, फिरोजशहा मेहता नोव्हेंबरमध्ये गेले, त्याच डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेसने नियम शिथिल केले आणि १९१६ मध्ये लखनौला टिळक सन्मानाने परतले. गोखल्यांच्या मृत्यूने टिळकांची वाट मोकळी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु २० फेब्रुवारीच्या त्या गर्दीत टिळकांचे भाडोत्री श्रोते नव्हते, त्यांचेच लोक होते. आणि त्यांना न आवडणारी गोष्ट त्यांनी आपल्याच लोकांना तोंडावर सांगितली. ते स्वस्त नव्हते.

गोखले गेले त्या दिवशी त्यांचा एक शिष्य शांतिनिकेतनात होता. दक्षिण आफ्रिकेतून येऊन त्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते, आणि गोखल्यांना तो आपले राजकीय गुरू मानत असे. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्यांनी देह ठेवला, तेव्हा अफाट गर्दीतून निघालेल्या त्या अंत्ययात्रेत तिरडीला खांदा देणाऱ्यांत तो, मोहनदास गांधी, होता.