चवथीला घरी जायचे, तर परवाना दाखवा

देवासगेटच्या बसस्थानकाला शहीद राजाभाऊ महाकाल यांचे नाव आहे. रोज हजारो माणसे तिथून इंदूर-देवासच्या गाड्या पकडतात, पण हे राजाभाऊ कोण आणि कशासाठी हुतात्मा झाले, हे आपल्यातल्याही बऱ्याच जणांना सांगता येत नाही. महाकाल मंदिराशी जोडलेल्या घराण्यातले, संघाचे कार्यकर्ते असलेले राजाभाऊ 15 ऑगस्ट 1955 रोजी गोव्याच्या हद्दीत शिरताना गेले. उज्जैनच्या तुकडीला घेऊन ते सत्याग्रहाला निघाले होते. पुढचा झेंडेकरी पडला, तेव्हा झेंडा त्यांनी हाती घेतला आणि गोळी त्यांना लागली. सागरच्या सहोद्राबाई राय त्याच सत्याग्रहात गोळ्या लागून जखमी झाल्या. पुढे त्या लोकसभेवर निवडून गेल्या. मध्य भारताने गोव्यासाठी काय दिले, याचा हिशेब या दोन नावांपासून सुरू होतो.

ज्या सीमेवर हे घडले, ती सीमा साध्या माणसाला कशी भेटत होती, हे मात्र फारसे लिहिले जात नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

भैरवगढचा काळभैरव हा उज्जैनचा कोतवाल, नगरात येणाऱ्या-जाणाऱ्यावर त्याची नजर. कोकणात आणि गोव्यातही गावाच्या शिवेवर राखणदार असतो, त्याला नारळ ठेवून माणूस पुढे जातो. बांद्याहून गोव्यात उतरताना लागणारी पत्रादेवी ही अशीच हद्दीवरची जागा. या राखणदारांच्या शिवेवर माणसांनी आणखी एक शीव आखली, आणि तिथे नारळ चालत नसे.

गोवा पोर्तुगिजांकडे 1510 पासून. इंग्रजांशी 1878 साली त्यांचा तह झाला आणि 1880 पासून बारा वर्षे दोन्ही मुलखांत जकात नव्हती. त्याच तहातून मुरगावची रेल्वे आली. 1892 मध्ये तह संपला, जकातीच्या चौक्या पुन्हा बसल्या. घाटावर कॅसलरॉकला इंग्रजांची तपासणी, घाट उतरल्यावर कुळ्याला पोर्तुगिजांची. मध्ये दूधसागर. प्रवासी धबधबा बघत, आणि ट्रंकेत काय निघेल याची चिंता करत. 18 जून 1946 ला मडगावात सभाबंदी मोडणारे डॉ. लोहिया त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पुन्हा आले, तेव्हा पोलिसांनी त्यांना कुळे स्टेशनवरच धरून आग्वादला नेले.

तोपर्यंत मुंबईचा गोवेकर मात्र सहज ये-जा करी. धोबीतलावच्या कुडांत राहणारा ख्रिस्ती खलाशी असो वा गिरगावातला हिंदू कारकून, पोट मुंबईवर आणि घर गोव्यात. गोवा हिंदू असोसिएशन 1919 पासून मुंबईत उभी आहे, ती याच माणसांच्या बळावर. पगार मुंबईत होई आणि मनीऑर्डर गावी जाई. मे महिन्यात आणि चवथीला माणूस घरी जाई. गोव्यात गणपती सार्वजनिक मंडपापेक्षा घरचा मोठा. मूळ घरात एकच मूर्ती, वर माटोळी, आणि सगळे भाऊ जिथे असतील तिथून तिथे जमायचे.

1947 नंतर हा माणूस विचित्र कात्रीत सापडला. मुंबई स्वतंत्र भारतात, जन्मगाव सालाझारच्या राज्यात. तिथे सेन्सॉर इतका कडक की लग्नपत्रिकासुद्धा दाखवून घ्यावी लागे, मग मराठी वर्तमानपत्राची घडी सामानात सापडली तर काय, हे सांगायला नको. भारताने लिस्बनची वकिलात 1953 मध्ये बंद केली. 1954 मध्ये दादरा-नगरहवेली मुक्त झाली आणि सीमा आणखी आवळली गेली. जाण्या-येण्याला परवाने लागू लागले, पैसे पाठवण्यावर निर्बंध आले.

मे 1955 मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी आत शिरली, जुलैत मधु लिमये गेले. गोऱ्यांना दहा वर्षांची, लिमयांना बारा वर्षांची शिक्षा झाली आणि 1957 मध्ये दोघे सुटले. 15 ऑगस्टला निःशस्त्र लोकांवर गोळीबार होऊन वीसहून अधिक माणसे मेली. त्यानंतर रेल्वे थांबली, बोटी थांबल्या, सप्टेंबरच्या सुरुवातीला पणजीतली भारताची वकिलात बंद झाली. आणि त्याच सप्टेंबरात चवथ आली.

भारतातले पोर्तुगालचे हितसंबंध यापुढे ब्राझीलने पाहायचे आणि भारताचे तिकडचे इजिप्तने, अशी व्यवस्था झाली. काणकोणच्या माणसाला घरी जायचे, तर मध्ये ब्राझील आणि इजिप्त! परवाना मिळालाच, तर कारवारजवळ माजाळीपर्यंत मोटारीने जायचे, तिथे सामान उघडून दाखवायचे, मधला मोकळा पट्टा बोजा उचलून पायी तुडवायचा आणि पलीकडे पोळ्याच्या चौकीत तीच ट्रंक पुन्हा उघडायची. परत येताना उलट क्रम. त्यात गोव्यात परदेशी घड्याळे, सोने, दारू स्वस्त, म्हणून भारतीय बाजूला प्रत्येक जण चोरट्या मालाचा संशयित. पोर्तुगिजांना भारतातून येणारा प्रत्येक जण सत्याग्रही वाटे. म्हातारी आई आजारी आहे म्हणून निघालेला माणूस दोन्हीकडे गुन्हेगारासारखा उभा राही.

नेहरूंच्या नाकेबंदीने पोर्तुगीज नमतील असा कयास होता. माझ्या मते हा कयास फसला. पोर्तुगिजांनी दाबोळीचा विमानतळ उभारला, विमाने कराचीला नेली, माल समुद्रातून आणला. चोरटा व्यापार फोफावला. खरा फटका मनीऑर्डरीवर चालणाऱ्या घरांना बसला.

काहींना तर परवान्याचीही सोय नव्हती. डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा पोर्तुगालच्या तुरुंगातल्या हद्दपारीतून निसटून पॅरिसमार्गे मुंबईला पोचले, पण गोव्यात पाऊल ठेवू शकले नाहीत. 1958 मध्ये मुंबईतच वारले. त्यांच्या अस्थी पणजीच्या आझाद मैदानात आल्या, त्या मुक्तीनंतर. शिक्षक म्हणून गोव्यात गेलेले सांगलीचे मोहन रानडे 1955 मध्ये पकडले गेले. गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला, तरी ते लिस्बनजवळच्या तुरुंगातच राहिले. सुधीर फडके आणि इतरांच्या खटपटीनंतर जानेवारी 1969 मध्ये त्यांची सुटका झाली.

1962 च्या आदेशाने गोवेकर भारताचे नागरिक झाले. 1974 च्या अखेरीस पोर्तुगालने हे विलीनीकरण मान्य केले. पण 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुलानातवंडांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क पोर्तुगालने कायम ठेवला. तो घेऊन हजारो गोवेकर युरोपात, मुख्यतः इंग्लंडात गेले. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे परकीय नागरिकत्व घेताच भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. मग चवथीला घरी येताना ओसीआय कार्ड आणि परदेशी पासपोर्ट, दोन्ही हातात धरून रांगेत उभे राहायचे. व्हिसा लागत नाही, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्या उज्जैनमधूनही अमेरिका-कॅनडात स्थिरावलेल्या मुलांना हेच नियम लागू आहेत.

पेडणे तालुक्यातला मोपा विमानतळ 2023 मध्ये सुरू झाला. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक तिथून फार लांब नाही.