अणुभट्टीसमोर बाहुल्या

अमेरिकेतल्या अणुऊर्जाविरोधी चळवळीचा इतिहास बहुधा अपघातांच्या तारखांवरून सांगितला जातो : १९७९ चं थ्री माइल आयलंड, १९८६ चं चेर्नोबिल, २०११ चं फुकुशिमा. मला तो इथे रस्त्यावरच्या नाटकाच्या बाजूने सांगायचा आहे. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, आवाज नाही. त्याबद्दलचे निर्णय ज्या सुनावण्यांमध्ये होतात, त्यांची भाषा इंजिनियर आणि वकिलांची. मग शेजारी राहणाऱ्या कोळ्याने किंवा शिक्षिकेने आपला प्रश्न मांडायचा कुठे? या पेचातून बरंच रस्त्यावरचं नाटक जन्माला आलं.

सुरुवात सीब्रुकपासून करू. बॉस्टनहून गाडीने तासाभराच्या अंतरावर, न्यू हॅम्पशायरच्या किनाऱ्यावरचं हे छोटं गाव. तिथे दोन अणुभट्ट्यांचा प्रकल्प ठरला. मार्च १९७६ मध्ये गावसभेत मतदान झालं आणि बहुमत प्रकल्पाच्या विरोधात गेलं. पण ते बंधनकारक नव्हतं, आणि त्याच उन्हाळ्यात बांधकाम सुरू झालं. तेव्हा क्लॅमशेल अलायन्स ही आघाडी उभी राहिली. नाव किनाऱ्यावरच्या शिंपल्यावरून घेतलेलं. ३० एप्रिल १९७७ ला सुमारे दोन हजार लोक बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी १४१४ जणांना अटक केली, आणि त्यांतल्या अनेकांना जवळजवळ दोन आठवडे नॅशनल गार्डच्या इमारतींमध्ये ठेवलं.

या सत्याग्रहाच्या तयारीतली एक गोष्ट सहसा मागे राहते. जागेवर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी अहिंसेचं प्रशिक्षण घ्यावं लागे. क्वेकर पंथाचे कार्यकर्ते ते देत आणि त्याची पद्धत सरळ नाटकाची होती. दहा-वीस जणांचे गट करायचे. अर्ध्यांनी पोलीस व्हायचं, अर्ध्यांनी आंदोलक. कोणी ढकलेल, कोणी ओरडेल, कोणी घाबरून पळेल. मग भूमिका बदलायच्या. प्रेक्षक कोणीच नाही. एका शनिवारी चर्चच्या तळघरात पोलिसाची भूमिका केलेल्या माणसाला पुढे खऱ्या पोलिसाकडे पाहण्याची वेगळी नजर मिळत असणार.

याच सुमारास व्हरमाँटमध्ये एक मंडळी जुन्या स्कूलबस रंगवून गावोगाव फिरत होती : ब्रेड अँड पपेट थिएटर. संस्थापक पीटर शूमान. जन्म १९३४, जर्मन सायलेशियात; महायुद्धाच्या शेवटी लहानपणीच कुटुंबासोबत निर्वासित झालेला. १९६१ मध्ये तो अमेरिकेत आला, १९६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने हे थिएटर काढलं आणि व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्च्यांत आपल्या बाहुल्या उतरवल्या. १९७० मध्ये मंडळी व्हरमाँटला गेली. पुठ्ठा, गोणपाट, कागदाचा लगदा यांतून केलेल्या या बाहुल्या दोन मजल्यांइतक्या उंच असत. एकेक पेलायला चार-पाच जण लागत. प्रयोगानंतर शूमानने स्वतः भाजलेली राईच्या पिठाची आंबट पोळी, म्हणजे ब्रेड, सगळ्यांना वाटली जाई. कला भाकरीसारखी रोजची आणि स्वस्त असावी, ही त्याची भूमिका.

थ्री माइल आयलंडच्या अपघातानंतर वीजकेंद्र आणि बॉम्ब यांचा विचार चळवळीत एकत्र होऊ लागला. या अपघातामुळे हादरलेल्या स्त्रियांनी १९८० च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टला परिषद भरवली. तिच्यातूनच त्या नोव्हेंबरमध्ये ‘विमेन्स पेंटागॉन ॲक्शन’ झाली. संरक्षण खात्याच्या दारात ना भाषणं झाली ना नेते उभे राहिले. प्रचंड बाहुल्यांमागून बायका चार टप्प्यांतून गेल्या : शोक, संताप, बळ आणि अवज्ञा. शेवटी त्यांनी लोकरीचे धागे विणून पेंटागॉनची दारं अडवली. १२ जून १९८२ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध सुमारे दहा लाख लोक जमले, तेव्हाही ब्रेड अँड पपेटच्या बाहुल्या शेकडो स्वयंसेवकांच्या खांद्यांवर होत्या.

यातून निष्पन्न काय झालं? बाहुल्यांनी सीब्रुक बंद पाडलं नाही. तिथली पहिली भट्टी १९९० मध्ये सुरू झाली आणि आजही चालू आहे. पण दुसरी अर्धवट सोडावी लागली, आणि वीजकंपनीने १९८८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. बांधकाम १९८६ मध्येच पूर्ण झालेलं असताना परवाना इतका लांबला, याचं एक मोठं कारण अगदी साधं होतं. थ्री माइल आयलंडनंतरच्या नियमानुसार दहा मैलांच्या परिघातल्या लोकांना हलवण्याचा आराखडा आवश्यक होता. या परिघात मॅसॅच्युसेट्सची सहा गावं येत होती. चेर्नोबिलनंतर तिथले गव्हर्नर मायकल डुकाकिस यांनी आराखडा द्यायला नकार दिला. उन्हाळ्यात समुद्रकिनारा माणसांनी फुललेला असताना एवढी गर्दी अरुंद रस्त्यांवरून कशी निघणार?

हा प्रश्न रिॲक्टरच्या भौतिकशास्त्राचा नव्हे. माणसं कुठे उभी असतील, मुलांना शाळेतून कोण आणेल, बसचा ड्रायव्हर थांबेल की घरी पळेल, हे विचारायला डोळ्यांपुढे दृश्य उभं करावं लागतं. तालमी, मोर्चे आणि बाहुल्या यांनी लोकांना वर्षानुवर्षं तीच सवय लावली होती. परवाना केवळ नाटकामुळे लांबला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण सुनावणीत उभं राहून हा प्रश्न विचारणारा सामान्य माणूस घडवण्यात त्याचा वाटा होता, असं मला वाटतं.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. महात्मा फुल्यांच्या विचारातून निघालेले सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी उभं केलेलं लाल बावटा कलापथक : गावोगाव फिरून अवघड गोष्ट लोकांच्या बोलीत सांगायची आपली परंपरा जुनी आहे. अणुऊर्जेशीही आपला संबंध लांबचा नाही. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या आणि १९६९ पासून त्या वीज देऊ लागल्या. जैतापूर प्रकल्पासाठी मे २०१० मध्ये माडबनला जनसुनावणी झाली, तेव्हा पर्यावरण अहवाल मराठीतून वेळेवर हाती आला नाही, अशीच गावकऱ्यांची तक्रार होती. समुद्र वेगळा, पेच तोच.

रस्त्यावरच्या नाटकाची मर्यादाही सांगायला हवी. बाहुलीला तळटीप जोडता येत नाही. ती भीती मोठी करून दाखवते; कोळशाच्या धुराने रोज होणारं नुकसान मात्र सहसा तिच्या गोष्टीत येत नाही. तापमानवाढीच्या काळात अणुऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं टाळून चालणार नाही.

आज हा विषय पुन्हा आपल्या दारात आला आहे. थ्री माइल आयलंडची २०१९ मध्ये बंद झालेली, अपघात न झालेली भट्टी डेटा सेंटरना लागणाऱ्या विजेसाठी पुन्हा सुरू करण्याचा करार २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टबरोबर झाला. आपल्यातले कितीतरी जण याच उद्योगात नोकरी करतात. कोणी या निर्णयाच्या बाजूने असेल, कोणी विरोधात. पण परिघात राहणाऱ्यांनी ‘वेळ आली तर आम्ही कुठल्या रस्त्याने जायचं?’ असं विचारलं, तर त्यांना समजेल अशा भाषेत उत्तर मिळायला हवं. बाहुल्या घेऊन फिरणाऱ्यांची मागणी मुळात एवढीच होती.