तांबड्यापलीकडचा उजेड आणि हुपरीची चांदी

आटणीला बसलेला हुपरीचा कारागीर मुशीच्या रंगावरून तापाचा अंदाज घेतो. मूस काळपट तांबडी आहे की नारिंगी झाली आहे, एवढे पाहिले की पुढचे त्याला सांगावे लागत नाही. ही विद्या जुनी आहे आणि खरीही आहे; पण तिला एक मर्यादा आहे. घन पदार्थ सुमारे 525 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज अंधारातसुद्धा लाल दिसत नाही. जॉन ड्रेपर याने 1847 साली हे प्रयोगाने दाखवले. चांदी वितळते ती 962 अंशांना. म्हणजे निम्मी वाट चालून होईपर्यंत मूस किरण फेकीत असते आणि आपल्या डोळ्यांना त्याचा पत्ता नसतो. चहाचा पेला, घराची भिंत, आपण स्वतः, सारेच अहोरात्र असे किरण टाकीत असतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. ते टिपून उष्णतेचे चित्र काढणारे कॅमेरे आज कारखान्यांतून वापरले जातात. त्यांची जन्मकथा हुपरीकरांनी जरा कान देऊन ऐकावी, कारण तिच्यात काजळी आणि चकाकी यांचा झगडा पहिल्यापासून आहे.

कथा सुरू होते 1800 साली. विल्यम हर्शेल हा मूळचा वादक. पुढे दुर्बिणी घडवू लागला आणि 1781 मध्ये त्याला युरेनस हा ग्रह सापडला. सूर्याकडे रंगीत काचांतून पाहताना त्याच्या ध्यानात आले की, काही काचांतून उजेड थोडा येतो पण चटका पुष्कळ बसतो. त्याने लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि एकेका रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे उजेड मुळीच नव्हता, तिथे पारा सर्वांत अधिक चढला! या तापमापकांचे फुगे त्याने आधी काळे करून घेतले होते, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. चकचकीत फुग्याने ते किरण परतवून लावले असते.

चारच वर्षांनी, 1804 मध्ये, जॉन लेस्ली याने या मुद्द्यालाच हात घातला. एका चौकोनी धातूच्या डब्यात त्याने उकळते पाणी भरले. डब्याची एक बाजू काजळलेली, दुसरी घासून लखलखीत केलेली. आत पाणी तेच, ताप तोच. पण काजळलेली बाजू भरपूर उष्णता फेकी आणि चकाकणारी जेमतेम. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रयोग हाच होय.

पुढची प्रगती भराभर झाली. 1840 मध्ये हर्शेलचा मुलगा जॉन याने काजळी लावलेला कागद मद्यार्कात भिजवून, तो कुठे लवकर वाळतो त्यावरून उष्णतेचे पहिले चित्र मिळवले. 1880 च्या सुमारास सॅम्युएल लँगली याने धातूच्या बारीक पट्टीचा विद्युत्‌रोध तापाने बदलतो याचा उपयोग करून एक यंत्र रचले. सुधारत सुधारत ते इतके तिखट झाले की, पाव मैलावर उभ्या गाईची ऊब त्याला कळे, असे सांगतात. आजच्या कॅमेऱ्यात तीच युक्ती सूक्ष्म रूपात आहे. हजारो इवल्या पट्ट्यांची जाळी, आणि पट्टीपट्टीचा विद्युत्‌रोध मोजून रंगवलेले चित्र. साधी काच हे किरण अडवते, म्हणून भिंग जर्मेनियमचे करतात. चित्रातले लाल-निळे रंग मात्र यंत्राने दिलेले असतात. वस्तूला ते नसतात.

हा कॅमेरा ताप मोजीत नाही. तो येणारे किरण मोजतो आणि त्यावरून तापाचा हिशेब करतो. 2020 च्या साथीत कपाळासमोर धरलेली उपकरणे हेच करीत. माणसाची कातडी, गोरी असो वा सावळी, या किरणांच्या दृष्टीने जवळजवळ काळीच. म्हणून तिथे हिशेब जमतो. उजाळलेली चांदी मात्र काजळीच्या शेकडा दोन-तीन इतकेच किरण टाकते, बाकी सारे आसपासचे परावर्तित करते. ऐंशी अंशांचे पाणी भरलेला चांदीचा तांब्या तीस अंशांच्या खोलीत ठेवा. कॅमेरा बत्तीस-तेहतीस अंश सांगेल. तांब्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला की त्याच जागी खरा ताप दिसेल. जेम्स ड्यूअर याने 1892 मध्ये आपल्या दुहेरी भिंतीच्या बाटलीला चांदीचा मुलामा दिला तो याच गुणासाठी. थर्मासमधला चहा गरम राहतो त्याचे श्रेय निर्वात पोकळीबरोबर या मुलाम्यालाही आहे.

एरवी गंमत वाटावी अशी ही गोष्ट विजेच्या तपासणीत जिवावर बेतू शकते. तारेचा सांधा सैल झाला की तिथे रोध वाढतो आणि सांधा तापतो. प्रवाह दुप्पट झाला तर ताप चौपट निर्माण होतो. भट्टी, मोटर आणि राहते घर एकाच छपराखाली असेल तिथे असा सांधा वेळीच सापडणे फार गरजेचे. कॅमेरा तो न शिवता, वीज चालू असताना दाखवतो, किंबहुना वीज चालू असतानाच दाखवतो. पण तांब्याची उघडी चकचकीत पट्टी त्याला थंडच दिसणार. जाणता तपासनीस म्हणून शेजारचे तारेचे वेष्टन किंवा काळवंडलेला भाग पाहतो, आणि तीन तारांतली एकच वेगळी दिसते का, हे ताडतो. साखर कारखान्यातील वाफेच्या नळांचे फाटलेले वेष्टन, घासणारे बेअरिंग, ओल धरलेली भिंत हेही याच नजरेने सापडते. ओल तर बाष्पीभवनाने गार पडून आपणहून उठून दिसते.

आटणीच्या वेळी असे तापमापक हाती धरणाऱ्याने ते मुशीतल्या चमकत्या रसावर रोखू नये. आकडा खरा नसतो, कमी येतो. मग भट्टी आणखी फुंकली जाते. जादा तापलेला रस हवेतला प्राणवायू शोषून घेतो आणि थिजताना तो बाहेर टाकतो, तेव्हा चांदीचे शिंतोडे उडतात. नेम मुशीच्या काळ्या कडेवर धरावा.