धोतऱ्याचा धडा

वसईचा इतिहास म्हटला की किल्ला, चिमाजीअप्पा आणि 1739 ची लढाई आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. आज आम्ही त्याच इतिहासातील एका वैद्याकडे वळणार आहोत. कारण त्याने टिपून ठेवलेली एक गोष्ट आपल्या घरांतील वृद्धांच्या उपयोगी पडणारी आहे.

1534 साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा वैद्य हिंदुस्थानात आला. पुढे मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले. ते तेव्हा वसईच्याच अंमलाखाली मोडत असे. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात धोतऱ्यावर एक प्रकरण आहे. चोर अन्नात धोतरा मिसळत. खाणाऱ्याचे भान हरपे, तो नुसता हसत राही, आणि घर लुटले जाई.

असे का होते, हे विसाव्या शतकात उलगडले. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देतात, त्यांतील काही असिटिलकोलीन नावाच्या द्रव्यामार्फत. धोतऱ्यातील विष तो निरोप अडविते. 1906 साली अल्झायमर यांनी ज्या स्मृतिभ्रंशाचे वर्णन केले, त्यात हेच द्रव्य कमी पडते, असे 1970 नंतरच्या दशकात दिसून आले. 1996 मध्ये अमेरिकेत मान्य झालेले डोनेपेझिल हे औषध उरलेले द्रव्य टिकवून धरते.

आता खरी मेख पाहा. डोनेपेझिलमुळे कधी कधी वारंवार लघवीला होते. ती थांबविण्यासाठी ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी दिली जाते, आणि तिचा गुण धोतऱ्याचाच! सर्दीच्या व झोपेच्या काही जुन्या गोळ्याही त्याच पंथाच्या. एका हाताने घागर भरावी आणि दुसऱ्याने तिला भोक पाडावे, तसा हा प्रकार. आजोबा अधिक गोंधळतात, पडतात. घरचे म्हणतात, आजार वाढला. आणि आणखी एक गोळी येते. 1991 साली मार्क बिअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी वृद्धांना जपून द्यावयाच्या औषधांची यादी केली.

धोतरा खाल्लेल्याला आपण काय खाल्ले हे सांगता येत नसे. स्मृतिभ्रंशाच्या रोग्याचेही तेच. म्हणून बोलायचे ते घरच्यांनी. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या आणि चूर्णे यांसह सगळी औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावी. मनाने मात्र एकही बंद करू नये. घरात कोणते औषध कशासाठी येते, हे ठाऊक असणे हीच येथे खरी राखण होय.