शाळेतला प्रकल्प ॲडमिशनला चालतो का?

नववीत असताना आम्ही लिंबागणेशमधल्या विहिरींची पाणीपातळी मोजली होती. बालविज्ञान परिषदेसाठी. सुतळीला दगड बांधायचा आणि दर रविवारी विहिरीत सोडायचा. बारावीनंतर ॲडमिशनचा फॉर्म भरला, तर त्यात या प्रकल्पासाठी रकानाच नव्हता! गावाकडची मुलं आजही फोनवर विचारतात, "दादा, प्रोजेक्टचं सर्टिफिकेट ॲडमिशनला चालतं का?" नाही चालत. मेडिकलला नीट, इंजिनिअरिंगला सीईटी नाहीतर जेईई.

पण आपल्याकडे कायम असंच होतं, असं समजू नका. १९६३ मध्ये एनसीईआरटीने विज्ञान प्रतिभा शोध योजना सुरू केली, तेव्हा ती दिल्लीपुरती होती आणि शिष्यवृत्त्या फक्त १०. पुढच्याच वर्षी ती देशभर गेली, शिष्यवृत्त्या ३५० झाल्या. अकरावीच्या मुलांनी लेखी परीक्षेला येताना प्रकल्पाचा अहवाल सोबत आणायचा. शिवाय निबंध आणि मुलाखत. ही कॉलेजची ॲडमिशन नव्हे, हे खरं. पण निवड झाली की मूलभूत विज्ञानात पार पीएचडीपर्यंत खर्चाची सोय.

१९७६ मध्ये १०+२+३ आकृतिबंधाबरोबर ही योजना बदलली. समाजशास्त्रं, इंजिनिअरिंग, मेडिकल सगळं आत आलं. प्रकल्प आणि निबंध गेले, वस्तुनिष्ठ प्रश्न आले. पुढे किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेतून (१९९९ ते २०२२) आयसरचं दार उघडायचं, पण मूलभूत विज्ञानासाठी तिथेही आधी अभियोग्यता चाचणीच.

प्रकल्प वगळला याचं मला वाईट वाटतं, आणि पटतंही. अहवाल मुलाने लिहिला की घरच्यांनी, हे तपासणार कोण? आणि ज्याच्या घरात प्राध्यापक आहे त्याच्यापुढे आमची सुतळी कुठे टिकणार? अमेरिकेत १९४२ पासून शालेय संशोधनाची मोठी स्पर्धा चालते. तिथली अनेक विद्यापीठं मुलाचा सगळा अर्ज वाचतात, म्हणून तिथे असं काम मोजलं जातं. आपल्याकडे रँक वाचली जाते.

माझा प्रकल्प उपयोगी पडला तो फार उशिरा, पीएचडीच्या मुलाखतीत. ओली झाली की सुतळी आखडते, त्यामुळे आमचे पहिल्या दोन महिन्यांचे आकडे चुकले होते. चूक कशी सापडली, मग काय केलं, यावरच निम्मी मुलाखत गेली. सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही. खाडाखोड केलेली, तारखा घातलेली वही मात्र मी सोबत नेली होती. ती त्यांनी पानन् पान चाळली.